गौरव म्हणजे वजन : पवित्र शास्त्र हळू वाचायला शिकताना

आमच्या घरचं पवित्र शास्त्र कपाटाच्या वरच्या फळीवर असायचं, खाकी कव्हर घातलेलं. संडेस्कूलच्या पाठांतर स्पर्धेत मी दोनदा बक्षीस घेतलं होतं. स्तोत्र 23 झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणून दाखवायचे. हे वाचन नव्हे, हे कळायला पस्तिशी उजाडली. ऑफिसातली एक मैत्रीण ख्रिसमसला आमच्याबरोबर चर्चला आली होती. परतताना तिने सहज विचारलं, "तुम्ही लोक सारखं 'देवाला गौरव' म्हणता ना, ते गौरव म्हणजे नक्की काय गं? आपल्याकडे शाल आणि श्रीफळ देऊन करतात तसं?"

मी हसले. उत्तर मात्र नव्हतं माझ्याकडे.

पुढची काही वर्षं मी तेवढा एकच प्रश्न घेऊन शास्त्र वाचलं. अडखळले, अर्ध्यावर सोडलं, पुन्हा धरलं. तुम्ही नुकतंच बायबल हातात घेतलं असेल, किंवा माझ्यासारखं घरात असूनही उघडलं नसेल, तर माझी जी दोन-तीन वर्षं वाया गेली ती तुमची जाऊ नयेत, म्हणून हे लिहिते आहे. विश्वास असायलाच हवा अशी अट नाही. सावकाश वाचायची तयारी मात्र हवी.

## आधी जमवायच्या गोष्टी

- एक छापील बायबल. बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं 'पवित्र शास्त्र' बहुतेक मराठी मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, चालतं. भाषा थोडी जुन्या वळणाची आहे, पण कान लवकर सरावतो. शक्यतो संदर्भवचनं (त्याच विषयाची इतर वचनं कुठे आहेत याची टिपणं) छापलेली प्रत घ्या.
- जोडीला दुसरं भाषांतर. एखादं वाक्य अडलं की दुसऱ्यात पाहायचं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' ओघवत्या मराठीत आहे. त्याला 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला.
- शंभर पानी वही आणि पेन्सिल. पेन नको, कारण सहा महिन्यांनी तुमचंच मत बदललेलं असतं.
- मोबाइलवरचं बायबल ॲप, पण फक्त शब्द शोधायला. वाचायला नको. मध्येच कुणाचं तरी 'गुड मॉर्निंग' येतं आणि मोशे डोंगरावर तसाच उभा राहतो.
- रोजची अर्ध्या तासाची जागी वेळ. 'जागी' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. लूक 9:32 मध्ये येशूचा शिष्य पेत्र आणि त्याचे सोबती झोपेने जड झाले होते; पूर्ण जागे झाल्यावर त्यांना येशूचं गौरव दिसलं. मी रात्री अंथरुणात वाचायचे तेव्हा माझी गतही तीच होती, फक्त जागं होणं तेवढं राहून जायचं.

एक छोटी गोष्ट नवख्यांना गोंधळात टाकते. प्रोटेस्टंट बायबलमध्ये 66 पुस्तकं असतात, कॅथलिक बायबलमध्ये 73. दुकानात दोन्ही दिसली तर छपाईची चूक समजू नका. या लेखातले सगळे उतारे दोन्हींत आहेत. आणि 'योहान 1:14' म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) पहिला अध्याय, चौदावं वचन. जुनी माणसं वचनाला 'ओवी'ही म्हणतात.

## 1. आधी शब्द हातात घेऊन तोलून बघा

जुना करार मुख्यतः हिब्रूत लिहिला गेला. तिथे गौरवासाठी 'कावोद' हा शब्द येतो, आणि त्याचं मूळ 'कावेद', म्हणजे जड. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. कारण आपला 'गौरव'ही 'गुरु'पासून आला आहे, आणि गुरु म्हणजे जड. गुरुत्वाकर्षणातला तोच हा गुरु. 'त्यांच्या शब्दाला गावात वजन आहे' असं आपण म्हणतो तेव्हा आपण त्या हिब्रू माणसाच्या अगदी शेजारी बसलेले असतो. सत्कार हा गौरवाचा नंतरचा अर्थ झाला. आधी वजन आहे, मग त्या वजनाची दखल.

पण इथेच एक खाचखळगा आहे, आणि तो मराठी वाचकापुरता आहे. मूळची एकच कल्पना मराठीत चार वेश घेऊन येते: कुठे गौरव, कुठे तेज, कुठे महिमा, कुठे वैभव. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे देवाला 'तुझं तेज दाखव' म्हणतो, स्तोत्र 19 मध्ये आकाश देवाचा 'महिमा' सांगतं, यशयाच्या दर्शनात 'वैभव' येतं आणि योहान 'गौरव' म्हणतो. त्या त्या जागी शब्द शोभतात, भाषांतरकारांचा दोष नाही. पण नवा वाचक चार वेगळ्या गोष्टी समजतो आणि धागा तुटतो. म्हणून पहिल्या दिवसापासून हे चार शब्द आले की पेन्सिलने खाली एकच खूण करा. मी छोटा तराजू काढते.

त्यातल्या 'तेज' या शब्दाने मला सर्वांत जास्त फसवलं. तेज म्हटलं की डोळ्यांसमोर झगमगाट येतो. मग उताऱ्यात वीज चमकली नाही, ढग आला नाही, की वाटतं इथे गौरव नाही, पुढे चला.

## 2. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सरळ वाचायला घेऊ नका

एक जानेवारीला उत्पत्ती, म्हणजे पहिलं पुस्तक, उघडणारे फेब्रुवारीत लेवीय या तिसऱ्या पुस्तकात आडवे होतात. मी तीनदा झाले. बायबलमध्ये 1,189 अध्याय आहेत. वर्षात संपवायचं तर रोज तीनहून जास्त पडतात. पुढे कधीतरी जरूर करा, अख्ख्या देशाचा नकाशा डोक्यात बसतो. पण पहिल्याच वर्षी केलं तर नजर वचनांवर राहत नाही, वाचून झालं म्हणून केलेल्या खुणांवर राहते.

त्याऐवजी एक धागा घ्या आणि तो जिथे नेईल तिथे जा. लेखाच्या शेवटी चौदा दिवसांचा क्रम दिला आहे.

## 3. सुरुवातीची प्रार्थना लहान ठेवा

स्तोत्र 119 हे बायबलमधलं सर्वांत मोठं स्तोत्र, 176 वचनांचं. त्यातलं अठरावं वचन मी रोज म्हणते. त्याचा आशय असा, की तुझ्या नियमशास्त्रातल्या अद्भुत गोष्टी दिसाव्यात म्हणून माझे डोळे उघड. बस, एवढंच. ज्याला आयुष्यभर नियमशास्त्र पाठ होतं तो कवी अजून डोळे उघडायला सांगतोय, यातच सगळं आलं.

विश्वास नसेल तर हेच वचन वाचा आणि 'कुणी ऐकत असेल तर' असं मनात जोडा. प्रामाणिकपणे म्हटलं तर ते चालेल असं मला वाटतं.

## 4. एक उतारा आठवडाभर : निर्गम 32 ते 34

ही पायरी सावकाश घ्या. एवढी एक नीट जमली तर बाकीच्या आपोआप येतात.

आधी अध्यायांच्या आकड्यांवरचा विश्वास सोडा. मूळ लेखनात अध्याय आणि वचनांचे क्रमांक नव्हते. आजची अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली आणि वचनांची त्याहून नंतरची. सोय म्हणून उत्तम, पण कधी कधी ती प्रश्न एका पानावर ठेवते आणि उत्तर दुसऱ्या. इथे तेच झालं आहे. मोशे 33:18 मध्ये मागणं मागतो, आणि त्याचं खरं उत्तर 34:6 मध्ये येतं. 'आजचा अध्याय संपला' म्हणून 33 वर थांबलात तर हाती फक्त देव मोशेला ठेवतो ती खडकाची कपार लागते.

आता उतारा, निर्गम या बायबलच्या दुसऱ्या पुस्तकातला. चार प्रश्न वहीत लिहा आणि प्रत्येकाखाली जागा सोडा.

कोण, कधी, कशानंतर? मोशे देवाचं तेज पाहायला मागतो ते कुठल्या उत्सवात नाही. खाली लोकांनी सोन्याचं वासरू ओतून त्याच्याभोवती नाच केला आहे, देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या फुटल्या आहेत, माणसं मेली आहेत, आणि देव म्हणतो आहे की मी तुमच्याबरोबर येणार नाही. स्तोत्र 106 या प्रसंगाची मर्मावर बोट ठेवून आठवण काढतं: त्यांनी आपलं वैभव देऊन गवत खाणाऱ्या बैलाची मूर्ती घेतली. चकाकी होती, वजन नव्हतं. (सोनं जड असतं, हे मान्य. पण कवीचं लक्ष गवताकडे आहे.)

देव काय करतो आणि काय म्हणतो? मोशे पाहायला मागतो. देव म्हणतो, माझं सगळं चांगुलपण तुझ्यासमोरून नेईन आणि माझं नाव तुझ्यापुढे पुकारीन. मागितलं दर्शन, मिळतंय ऐकायला. मग सकाळी डोंगर चढणं, ढग, आणि ते नाव: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, दया आणि सत्य यांनी भरलेला, अपराधांची क्षमा करणारा, पण दोषी माणसाला निर्दोष न ठरवणारा.

माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळं काय झालं? मी उजेडाची वाट पाहत होते. उजेडाविषयी इथे एक शब्द नाही. देवाचं गौरव म्हणून जे पुढ्यात येतं तो त्याचा स्वभाव आहे, आणि तो उलगडतो ते नुकतीच बेइमानी केलेल्या लोकांच्या बाबतीत. उजेड नंतर येतो, तोही मोशेच्या चेहऱ्यावर (34:29), आणि त्याचं त्यालाच ठाऊक नसतं.

हे वजन माझ्या कशावर पडतं? हा प्रश्न शेवटीच विचारा. आधी विचारलात की उतारा तुमच्या ऑफिसातल्या भांडणाविषयी बोलायला लागतो.

माझ्या वहीत या तीन अध्यायांची अकरा पानं झाली. पहिल्या दिवशी तीन ओळी होत्या. पाचव्या दिवशी एकदम लक्षात आलं की 'क्षमा करणारा' आणि 'निर्दोष न ठरवणारा' ही दोन्ही विशेषणं एकाच श्वासात आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. त्याचं उत्तर इथे नाही. प्रश्न वहीत तसाच ठेवा, तो पुढे लागणार आहे.

## 5. धागा पुढे ओढा

आता त्या जडपणाच्या मागे जा. निर्गमच्या आधीच्या भागात मिसरच्या राजाचं, फारोचं, मन 'जड' होतं, आणि तिथे हाच कावेद आहे. 1 शमुवेल 4 मध्ये याजक (पुजारी) एली आसनावरून मागे कोसळून मरतो, कारण तो म्हातारा आणि 'जड' होता. त्याआधी दुसऱ्याच अध्यायात देवाने त्याला सुनावलं होतं, की माझ्यापेक्षा मुलांचा मान जास्त ठेवलास आणि माझ्या अर्पणांवर तुम्ही लठ्ठ झालात. एली पडतो, त्याच दिवशी त्याची सून बाळंत होते आणि मुलाचं नाव ठेवते ईखाबोद: वैभव गेलं. त्या नावात 'कावोद' ऐकू येतो का? याजकाचं वजन वाढत गेलं आणि देवाचं घरातून निघून गेलं. हा श्लेष मराठीत दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगितला.

1 राजे 8 मध्ये शलमोन राजाच्या मंदिरात तेज इतकं भरतं की याजकांना सेवेला उभं राहता येत नाही. हे पटकन वाचा.

यहेज्केल 10 आणि 11 मात्र सावकाश. तिथे तेच तेज मंदिर सोडून जातं, पण एकदम नाही. आधी उंबरठ्यावर येतं. मग पूर्वेच्या वेशीपाशी थांबतं. मग शहराच्या पूर्वेला डोंगरावर जाऊन उभं राहतं. उंबऱ्यात रेंगाळणारं माणूस तुम्ही पाहिलं असेल, ज्याला जायचं नसतं. हा भाग मी एकदा मोठ्याने वाचला तेव्हा आवाज बसला.

अशा ठिकाणी भाषांतराची किंमत कळते. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. 1922 मध्ये त्यांचा देहान्त झाला त्याच्या थोडंच आधी ते काम हातावेगळं झालं. आपल्याला दोन शब्दांची मुळं शोधायला ॲप लागतं, तेव्हा मला त्यांची आठवण येते.

## 6. योहानात या, आणि गौरव कुठे ठेवलं आहे ते बघा

नवा करार ग्रीकमध्ये आहे. तिथे कावोदची जागा 'डोक्सा' घेतो. योहान 1:14 म्हणतं की शब्द देही झाला, त्याने आमच्यामध्ये वस्ती केली आणि आम्ही त्याचं गौरव पाहिलं. 'वस्ती केली' या ठिकाणच्या ग्रीक क्रियापदात तंबू आहे: राहुटी ठोकली. निर्गमच्या शेवटी निवासमंडपात, म्हणजे देवाच्या तंबूत, तेज भरलं होतं ना, तोच मंडप योहानाच्या मनात आहे. आणि त्याच वचनाच्या शेवटी 'अनुग्रह आणि सत्य' येतात. तुमच्या वहीत निर्गम 34:6 समोर 'दया आणि सत्य' लिहिलेलं असेल. दोन्हींना जोडणारी रेघ मारा.

मग काना गावचं लग्न. द्राक्षारस संपतो. सहा दगडी रांजण, एकेकात साधारण 80 ते 120 लिटर पाणी मावेल असे. येशू ते भरायला सांगतो आणि त्या पाण्याचा द्राक्षारस होतो. योहान म्हणतो, येशूने हे पहिलं चिन्ह करून आपलं गौरव प्रकट केलं. पण कुणाला? भोजनप्रमुखाला पत्ता नाही. नवऱ्या मुलाला नाही. पाणी ओढणाऱ्या चाकरांना ठाऊक होतं. आपल्याकडच्या लग्नात पंगतीला वाढणारे आणि मांडवामागे भांडी घासणारे असतात ना, ते. आणि योहान नोंदवतो की शिष्यांनी विश्वास ठेवला.

त्याच प्रसंगात येशू आईला म्हणतो, माझी वेळ अजून आलेली नाही. 'वेळ' या शब्दाला वेगळी खूण करा. सातव्या आणि आठव्या अध्यायात पुन्हा: वेळ आली नव्हती. आणि मग 12:23 मध्ये: मनुष्याच्या पुत्राचं गौरव व्हावं अशी वेळ आली आहे. वाचकाला वाटतं, चला, आता सिंहासन. पुढच्याच वचनात गव्हाचा दाणा जमिनीत पडून मरतो.

तेराव्या अध्यायात यहूदा हा शिष्य घास घेतो आणि बाहेर जातो. योहान तीन-चार शब्दांत सांगतो की रात्र होती. लगेच येशू म्हणतो, आता मनुष्याच्या पुत्राचं गौरव झालं आहे. 'आता' म्हणजे केव्हा? विश्वासघात करणारा दाराबाहेर पडला तेव्हा.

इथे मी अडकले. कितीतरी दिवस. गौरव म्हणजे पुनरुत्थान असेल, स्वर्गारोहण असेल, असं मी स्वतःला समजावत होते, आणि ते चूकही नाही. पण योहान ते वजन क्रूसावरच ठेवतो, आणि पुन्हा पुन्हा ठेवतो. मग वहीत मागे गेले. 'क्षमा करणारा' आणि 'निर्दोष न ठरवणारा' हे दोन शब्द अजून तसेच पडून होते, न जुळलेले. क्रूसावर ते एका जागी येतात, असं ख्रिस्ती लोक मानतात, मीही मानते. पण हे कुणीतरी सांगितलेलं असणं आणि स्वतःच्या हाताने मारलेल्या रेघेने तिथे पोचणं, यांत फरक आहे. म्हणून तुम्ही हा परिच्छेद विसरा आणि स्वतः वाचा.

## 7. नेहमीचे सापळे

एकाकी वचन. यिर्मया 29:11 तुम्ही व्हॉट्सॲपवर नक्की पाहिलं असेल, फुलांच्या चित्रावर: तुमच्या हिताचे संकल्प मला ठाऊक आहेत. त्याच्या आधीचं वचन कुणी पाठवत नाही. तिथे बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासात असलेल्या लोकांना सांगितलं आहे की सत्तर वर्षं लागतील. म्हणजे ऐकणाऱ्यांतले बरेच जण तोवर नसणार. ते कळल्यावर वचन हलकं होत नाही, जड होतं. नियम असा: कुठलंही आवडलेलं वचन, आधीची दहा आणि नंतरची दहा वाचल्याशिवाय पुढे पाठवायचं नाही.

कोरडे भाग टाकून देणं. वंशावळी पहिल्या वर्षी टाकल्या तरी चालतील. लेवीय अख्खं टाकू नका, 9 आणि 10 अध्याय वाचा. नवव्यात तेज सगळ्या लोकांना दिसतं, दहाव्यात मोशेचा भाऊ अहरोन याचे दोन मुलगे मरतात. ते भीतिदायक आहे, आणि गुळगुळीत करून सांगणाऱ्यांपासून जरा सावध राहा.

रोज काहीतरी वाटलंच पाहिजे, हा हट्ट. लूक 24 मध्ये अम्माऊस गावाच्या वाटेवर येशूशी बोलताना दोघा शिष्यांची अंतःकरणं पेटली होती, पण ते त्यांना नंतर कळलं, तो निघून गेल्यावर. ज्या दिवशी काही वाटणार नाही त्या दिवशी तारीख घाला आणि एक वाक्य उतरवून ठेवा. पुरे.

विद्वत्तेची चढाओढ. हा सापळा माझा. हिब्रूचे चार शब्द कळले आणि मी प्रार्थनासभेत लोकांच्या चुका काढायला लागले. योहान 5:39-44 वाचून थांबले. तिथे येशू शास्त्र शोधणाऱ्यांनाच सांगतो, की तुम्ही शास्त्रात शोधता पण माझ्याकडे येत नाही, आणि एकमेकांकडून गौरव घेत बसता. एकमेकांकडून. शाल-श्रीफळ!

## 8. एकट्याने वाचत राहू नका

प्रेषितांची कृत्ये 8 मध्ये एक इथिओपियन अधिकारी रथात बसून यशया वाचतो आहे, मोठ्याने. म्हणून तर येशूचा अनुयायी फिलिप्प याला ऐकू येतं. समजतंय का, असं विचारल्यावर तो म्हणतो, कुणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजेल? मोठा हुद्देदार माणूस, पण त्याला लाज वाटली नाही.

तुमच्या भागात कॉटेज मीटिंग (कुणाच्या तरी घरी भरणारी प्रार्थनासभा) होत असेल तर जा. नाही तर दोघं-तिघं मिळून आठवड्यातून एकदा बसा. एकाने उतारा मोठ्याने वाचायचा, बाकीच्यांनी पुस्तकं मिटून ऐकायचं. आपल्या भाषेत ही रीत जुनी आहे: फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात येशूची कथा ओवीत रचली, 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापलं, तेही ऐकण्यासाठीच. चर्चेत 'मला असं वाटतं' म्हणणाऱ्याला एकच विचारायचं, कुठल्या वचनात? वाद निम्मे कमी होतात. पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) वेळ मागायला संकोचू नका. मात्र 'हे पुस्तक समजावून सांगा' असं म्हणून जाऊ नका. वहीतला एक नेमका प्रश्न घेऊन जा.

आणि पेन्सिल विसरू नका. नारायण वामन टिळकांना राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला. टिळक खुणा करत वाचत गेले आणि मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन खिळले. त्यांचा बाप्तिस्मा 1895 चा. तुमचं तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण खुणा करत वाचणाऱ्याला कुठेतरी थांबावं लागतं, हे खरं.

## पहिले चौदा दिवस

1. निर्गम 32
2. निर्गम 33:1 ते 34:9 (मध्ये थांबू नका)
3. निर्गम 34:10-35 आणि 40:34-38
4. 1 शमुवेल 2:27-36 आणि अध्याय 4
5. 1 राजे 8:1-13
6. यहेज्केल 10, मग 11:14-25
7. नवीन काही नाही. सहा दिवसांची वही वाचा आणि आवडलेला उतारा पुन्हा, मोठ्याने
8. लूक 2:8-20. तेज कुठे उतरलं, मंदिरात की मेंढरांपाशी?
9. योहान 1:1-18
10. योहान 2:1-12
11. योहान 11:1-53. वचन 40 आणि वचन 53 शेजारी शेजारी लिहा
12. योहान 12:20-43
13. योहान 13:21-38 आणि अध्याय 17
14. योहान 18 आणि 19, एका बैठकीत

चौदाव्या दिवशी वही उघडू नका, चार प्रश्नही नकोत. मोठ्याने वाचलं तर पंधरा-वीस मिनिटं लागतात. एकोणिसाव्या अध्यायाच्या सुरुवातीला शिपाई त्याला जांभळा झगा पांघरतात, डोक्यावर काट्यांचा मुकुट ठेवतात आणि पुढे येऊन जयजयकार करतात. तिथे पोचले तेव्हा मी मैत्रिणीला फोन लावला. तिने विचारलेली शाल सापडली होती.